शेवटच्या टाक्याआधीची मोजणी

पोटाची शस्त्रक्रिया संपत आली आहे. रक्तस्राव थांबला आहे आणि सर्जननं पोट बंद करायला दोरा मागितला आहे. दोरा मात्र लगेच मिळत नाही. ट्रॉलीशी उभा असलेला, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला माणूस आधी मोठ्यानं मोजायला लागतो. मॉप एक, मॉप दोन, मॉप तीन. बाहेर फिरती असलेली सिस्टर तेच आकडे फळ्यावरच्या नोंदीशी ताडून पाहते. मॉपनंतर गॉज, गॉजनंतर सुया, मग आर्टरी फोर्सेप्स. सुरुवातीला दिलेला आकडा आणि आता समोर असलेला आकडा जुळला, तरच ‘काउंट बरोबर आहे, सर’ असं सांगितलं जातं आणि शिवण सुरू होते. एक मॉप कमी भरला तर सगळं थांबतं. बादल्या उलट्या होतात, ड्रेप झटकले जातात, टेबलाखाली शोध घेतला जातो, पोटात पुन्हा हात घालून चाचपलं जातं. तरीही सापडला नाही तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे काढतात. एवढ्यासाठीच या मॉपमध्ये एक्स-रेत उमटणारा धागा विणलेला असतो. रक्तात भिजलेलं कापड आतड्यांच्या वळ्यांत गेलं की अनुभवी सर्जनच्या डोळ्यांनाही ते दिसत नाही.

हे मोजणारा माणूस डॉक्टर नसतो, आणि बऱ्याचदा नर्सही नसतो. अमेरिकेत त्याला सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात आणि तिथल्या कम्युनिटी कॉलेजांमध्ये या कामाचं शिक्षण मिळतं. आपल्याकडे तो ओ.टी. टेक्निशियन किंवा ओ.टी. टेक्नॉलॉजिस्ट. रुग्णाला त्याचं नाव कळत नाही. नातेवाईक बाहेर थांबून सर्जनची आणि फार तर भूलतज्ज्ञाची चौकशी करतात. माझ्या मते मात्र शस्त्रक्रियेची सुरक्षितता ज्या शिस्तीवर उभी असते, तिचा मोठा भाग याच माणसाच्या हाती असतो. ही शिस्त पाहून पाहून आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते. छत्तीसगडला हे फार मोठी किंमत मोजून कळलं आहे, म्हणून हा लेख छत्तीसगडच्या राजधानीचा, रायपूरचा आहे.

रायपूर मराठी माणसाला परकं नाही. १७५८पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. पुढे मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यानं १९५६पर्यंत रायपूरची सरकारी वाट नागपूरकडेच जात होती. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५चं आहे. आजही गोंदिया-आमगावकडच्या माणसाला आजारपणात नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरं सारखीच आपली वाटतात, कारण दोन्ही एकाच हावडा-मुंबई लोहमार्गावर आहेत.

वैद्यकीय दृष्टीनं मात्र या प्रदेशाला दीर्घकाळ एकच आधार होता. रायपूरचं पं. जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झालं. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं राज्य झालं तेव्हा एवढ्या मोठ्या राज्यात वैद्यकीय महाविद्यालय हेच एक. त्याला जोडलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयाला सगळं शहर ‘मेकाहारा’ म्हणतं. त्या काळची ओढाताण कळायला दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाची गोष्ट पुरेशी आहे. दानातून उभ्या राहिलेल्या या डी.के.एस. रुग्णालयाच्या इमारतीत नव्या राज्याचं मंत्रालय थाटलं गेलं. २०१२ साली मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि २०१८ साली त्याच इमारतीत सुपर स्पेशालिटी रुग्णालय उघडलं. २०१२ सालीच रायपूरच्या टाटीबंध भागात एम्सचं शिक्षण सुरू झालं आणि त्याच वर्षी नव्या रायपुरात श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होऊ लागल्या. म्हणजे दशकभरात शहरातली ऑपरेशन टेबलं झपाट्यानं वाढली. प्रत्येक टेबलाला सर्जन लागतो हे सगळ्यांना दिसतं. प्रत्येक टेबलाला ट्रॉली मांडणारा, यंत्रं तपासणारा, निर्जंतुकीकरण सांभाळणारा प्रशिक्षित माणूस लागतो, ही गरज अंदाजपत्रक करणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येते.

बारावीला विज्ञान घेतलेली मुलं-मुली ओ.टी. टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला येतात. त्यांतली कित्येक लहान गावांतली असतात, घरातून वैद्यकीय क्षेत्रात पहिल्यांदाच पाऊल टाकणारी. सुरुवातीला शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र हे वर्गातले विषय. खरी परीक्षा वर्गाबाहेर, बेसिनपाशी सुरू होते. तिथे ‘वॉश घ्यायला’ शिकवतात. नखांपासून कोपराच्या वरपर्यंत हात धुवायचे, हात कायम कोपरापेक्षा वर ठेवायचे, म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे वाहील, उलट कधीच नाही. मग गाऊन, मग हातमोजे, तेही मोज्याच्या बाहेरच्या बाजूला उघड्या बोटांचा स्पर्श न होऊ देता. गाऊन घातल्यावरसुद्धा सगळा माणूस निर्जंतुक होत नाही. छातीपासून कमरेपर्यंतचा पुढचा भाग आणि बाह्या एवढंच निर्जंतुक मानायचं. पाठ निर्जंतुक नाही, कमरेखालचं निर्जंतुक नाही, टेबलाच्या कडेखाली लोंबणारं कापडही नाही. म्हणून हात कधी खाली सोडायचे नाहीत, आणि दुसऱ्या वॉश घेतलेल्या माणसाला ओलांडताना एकमेकांकडे पाठ करून जायचं.

हातमोज्यांचा इतिहास या पेशाशी थेट जोडलेला आहे. १८८९च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड या सर्जनकडे कॅरोलिन हॅम्प्टन ही नर्स हत्यारं देण्याचं काम करायची. त्या काळी हात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवून जंतुरहित करत. त्यानं तिच्या हातांची कातडी सोलवटून निघाली. हॉलस्टेडनं गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले हातमोजे आधी रुग्णासाठी आलेच नाहीत, ते आले हत्यारं देणाऱ्या सहायकाच्या हातांसाठी. रुग्णांमधला जंतुसंसर्ग त्यामुळे कमी होतो हे पुढच्या काही वर्षांत ध्यानात आलं. १८९० साली हॉलस्टेड आणि हॅम्प्टन यांचं लग्न झालं.

वॉशनंतरचा धडा हत्यारांचा. ॲलिस, बॅबकॉक, कोकर, मॉस्क्विटो, नीडल होल्डर, डीव्हर, लँगेनबेक. शे-दोनशे नावं, आणि पुष्कळशी दिसायला जवळजवळ सारखी. ॲलिसच्या टोकाला बारीक दात असतात, ते ऊती घट्ट धरतात. बॅबकॉकचं टोक गोलसर आणि बिनदातांचं, म्हणून आतड्यासारखी नाजूक गोष्ट धरायला ते. ॲलिसनं आतडं धरलं तर ते फाटू शकतं. म्हणजे इथं पाठांतर पुरत नाही, शस्त्रक्रिया कोणत्या पायरीवर आहे हे समजावं लागतं. सर्जन टेबलावरून नजर न उचलता हात पुढे करतो. कित्येकदा शब्दही उच्चारत नाही. चांगला टेक्निशियन त्वचा कापताना मोठ्या पात्याचा चाकू देतो, रक्तवाहिनी सुटली की मागण्याआधी आर्टरी फोर्सेप्स तळहातावर ठेवतो, तीही अशी की सर्जनला हातात फिरवून घ्यावी लागू नये. हे जमायला पुस्तकापेक्षा केसेस लागतात. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यानं किमान १२० शस्त्रक्रियांमध्ये प्रत्यक्ष वॉश घेऊन काम केलेलं असावं लागतं. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत केसेसची वाण कधीच नसते. वाण असते ती विद्यार्थ्याला थांबून शिकवणाऱ्याची. दिवसाच्या शस्त्रक्रियांची लिस्ट लांबलचक असली की नवख्याला ट्रॉलीपाशी उभं करायला कोणी धजत नाही आणि तो महिनोन् महिने नुसता बघत राहतो. माझ्या मते या शिक्षणातली सगळ्यात मोठी त्रुटी हीच आहे.

भूल देण्याच्या बाजूचंही त्याला बरंच शिकावं लागतं. सकाळी पहिली केस टेबलावर येण्याआधी भुलीचं यंत्र तपासायचं, ऑक्सिजनचा मुख्य पुरवठा आणि राखीव सिलिंडर दोन्ही पाहायचे, सक्शन चालतं का, लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटतो का, कॉटरीची, म्हणजे विजेनं कापणाऱ्या यंत्राची, प्लेट रुग्णाच्या कातडीला नीट चिकटली आहे का. ती प्लेट अर्धवट चिकटली असेल तर विजेचा प्रवाह लहानशा जागेतून परततो आणि रुग्ण भाजतो. बेशुद्ध माणूस ओरडू शकत नाही. त्याचा हात टेबलाबाहेर लोंबत राहिला आणि मज्जातंतू तासन् तास दाबला गेला, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही तो लुळा हात घेऊन घरी जाऊ शकतो. रुग्णाला टेबलावर कसं निजवायचं, कोपराखाली आणि टाचेखाली मऊ आधार कुठे द्यायचा, हे सारं टेक्निशियनच्या कामात येतं.

आणि मग निर्जंतुकीकरण. इथं मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्याचा पाया तो आहे. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालची वाफ. १२१ अंश सेल्सिअस तापमान, चौरस इंचाला १५ पौंड दाब आणि १५ ते २० मिनिटं, हा जुना आणि अजूनही चालणारा हिशोब. आता मोठ्या रुग्णालयांत १३४ अंशांवर काही मिनिटांत काम करणारी यंत्रं आहेत. ड्रममध्ये गाऊन ठासून भरले तर मधल्या घड्यांपर्यंत वाफ पोचत नाही. हत्यारांवर वाळलेलं रक्त राहिलं तर त्याखालचे जंतू वाचतात, म्हणून आधी घासून धुणं आलं. बाहेर काढल्यावर गाठोडं ओलं निघालं तर ते निर्जंतुक धरायचंच नाही, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. गाठोड्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे काम झालं असं पुष्कळांना वाटतं. त्या रेघा एवढंच सांगतात की पट्टीला उष्णता लागली. आतले जंतू मेले की नाही, हे कळायला उष्णतेला सर्वांत कमी दाद देणाऱ्या जिवाणूचे बीजाणू यंत्रात ठेवून पुढे ते वाढतात का, हे तपासावं लागतं. शिकलेला आणि न शिकलेला टेक्निशियन यांतला फरक इथं दिसतो. दोघंही तेच बटण दाबतात, पण पट्टी काय सांगत नाही हे एकालाच माहीत असतं.

दुर्बिणीची हत्यारं, म्हणजे लॅपरोस्कोप वगैरे, पुष्कळदा वाफेत घालता येत नाहीत. ती ग्लुटराल्डिहाइडच्या २ टक्के द्रावणात बुडवून ठेवतात. वीस मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, बीजाणूंसह सगळे मारायचे तर सुमारे दहा तास लागतात. हा वीस मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा.

८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळ सकरी भागात, वापरात नसलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या इमारतीत कुटुंबनियोजनाचं शिबिर झालं. ८३ स्त्रियांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया काही तासांत उरकल्या गेल्या. सर्जन एक आणि लॅपरोस्कोपही एकच, असं तेव्हाच्या वृत्तांत आलं. त्या शिबिरातल्या आणि त्याच सुमाराच्या दुसऱ्या शिबिरातल्या मिळून १३ स्त्रिया दगावल्या. बहुतेक जणी गरीब घरांतल्या, लहान मुलांच्या आया. मृत्यू दूषित औषधांमुळे झाले की जंतुसंसर्गामुळे, यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादात इथं जायची गरज नाही. साधा गुणाकार करून पाहा. एका लॅपरोस्कोपला दोन स्त्रियांच्या मध्ये द्रावणात वीस मिनिटं द्यायची म्हटली, तर ८३ शस्त्रक्रियांना नुसत्या बुडवण्याचे सत्तावीस तास होतात. काही तासांत हे काम संपलं याचा अर्थ ती वीस मिनिटं दिली गेली नाहीत. सरकारचा नियम तेव्हाही होता. एका चमूनं दिवसाला तीसपेक्षा जास्त शस्त्रक्रिया करायच्या नाहीत, आणि त्यासाठी तीन वेगवेगळे लॅपरोस्कोप हवेत. १४ सप्टेंबर २०१६ रोजी देविका विश्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. त्याआधी २०११ साली बालोदच्या नेत्रशिबिरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांची दृष्टी गेली होती.

अशा घटनांनंतर सर्जनचं नाव पुढे येतं, चौकशी नेमली जाते. ‘हे हत्यार अजून तयार नाही, पुढची केस मी लावणार नाही’ असं सांगण्याचा अधिकार आणि ज्ञान असलेला कोणी त्या खोलीत होता का, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. मला तोच कळीचा वाटतो. शस्त्रक्रियेचं शिक्षण देणारे एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठसवतात. आपल्या मोज्याला टेबलाच्या कडेचा स्पर्श झाला आणि दुसऱ्या कोणी तो पाहिला नाही, तरी स्वतःहून सांगायचं आणि मोजे बदलायचे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला वरिष्ठ सर्जनसमोर हे बोलायला लावणं सोपं नाही. आपल्या रुग्णालयांतली उतरंड कडक असते. तिथे ‘सर, थांबा’ हे शब्द कनिष्ठाच्या तोंडून निघायला अभ्यासक्रमाइतकाच त्याच्या नोंदणीचा, पदाचा आणि दर्जाचा आधार लागतो.

तो आधार आपल्याकडे फार दिवस नव्हता. देशभरातल्या लहान रुग्णालयांत अजूनही ओ.टी.तला मामा किंवा भैया वॉर्डबॉय म्हणून लागतो, ड्रम भरता भरता हत्यारं ओळखायला लागतो आणि दहा वर्षांनी सगळ्या शस्त्रक्रियांना उभा राहतो. त्यांतल्या कित्येकांचे हात कुशल असतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांना कोणी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेलं नसतं. जे पाहिलं ते ते करत राहतात, आणि पाहिलेलं चुकीचं असेल तर तेही करत राहतात.

शिक्षण देऊन सामान्य माणसातून हे काम उभं करता येतं, याचा दाखला छत्तीसगडातच आहे. दल्ली राजहरा इथल्या लोहखनिजाच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभारलं. १९७७ साली या कामगारांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या ११ जणांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी ते उघडलं. डॉ. बिनायक सेन, डॉ. शैबाल जाना यांच्यासारख्या डॉक्टरांनी खाणकामगारांमधूनच आरोग्यसेवक तयार केले. ज्यांच्या हातात फावडं-घमेलं होतं, त्यांना आरोग्याचं काम समजावून शिकवलं. कागदावरची पदवी नव्हती, पण शिकवणारे गंभीर होते आणि शिकणाऱ्यांना रुग्ण आपलाच शेजारी आहे हे ठाऊक होतं.

कायद्यानं या पेशाला नाव दिलं ते २०२१ साली. संसदेनं संमत केलेल्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत ऑपरेशन थिएटर टेक्नॉलॉजिस्ट आणि भूल टेक्नॉलॉजिस्ट यांचा समावेश आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला दोन ते चार वर्षांत विभागलेलं किमान २००० तासांचं शिक्षण हवं, असं हा कायदा सांगतो. छत्तीसगडची पॅरामेडिकल कौन्सिल त्याआधीपासून नोंदणी करत होती. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बी.पी.एम.टी. अभ्यासक्रमात ऑपरेशन थिएटर ही एक शाखा आहे, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. अमेरिकेत हा प्रवास आधी घडला. दुसऱ्या महायुद्धात नर्स कमी पडल्या तेव्हा सैनिकी सहायकांना थिएटरचं काम शिकवलं गेलं. युद्धानंतर ते रुग्णालयांत टिकले, १९६९ साली त्यांची स्वतंत्र संघटना झाली, आणि घराजवळच्या, परवडणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांनी दोन वर्षांचे अभ्यासक्रम सुरू केले. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगानंही कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आहे. कोरबा, जगदलपूर किंवा अंबिकापूरच्या मुलीला यासाठी रायपुरात खोली घेऊन राहावं लागू नये, जिल्हा रुग्णालयाला जोडून हे शिक्षण मिळावं, अशी माझी ठाम मागणी आहे. शिकवायला टेबल तिथे आहेच.

शिकलेल्या टेक्निशियनला थिएटरमध्ये आवाज मिळवून देणारं एक साधन एका मराठी घरातल्या सर्जनच्या नेतृत्वाखाली तयार झालं आहे. अतुल गावंडे यांचे वडील आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. ते अमेरिकेतल्या ओहायोत सर्जन झाले. अतुल गावंडे यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी तयार करण्याच्या कामाचं नेतृत्व केलं. ती २००८ साली जाहीर झाली. भूल देण्याआधी, पहिला छेद घेण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी असे तीन थांबे तिच्यात आहेत. दुसऱ्या थांब्यावर खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. तिसऱ्यावर हत्यारं, मॉप आणि सुयांचा हिशोब जुळल्याचं जाहीर करायचं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोठ्या गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं आणि मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. पुढे काही देशांत एवढा फरक दिसला नाही. यादी नुसती भरून टाकली तर उपयोग नसतो, हे त्यातून कळलं. नाव सांगण्याचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्यानं एकदा सगळ्यांसमोर आपलं नाव उच्चारलं आहे, तो अर्ध्या तासानं ‘काउंट जुळत नाही’ हेही उच्चारू शकतो.

इंटर्नशिप संपल्यावर वाटा फुटतात. काही जण रायपूरच्या हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरांत, काही हाडांच्या किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियांत मुरतात, काही निर्जंतुकीकरण विभाग सांभाळतात, काही जण आणखी शिकून हार्ट-लंग मशीन चालवणारे परफ्युजनिस्ट होतात. मोठ्या रुग्णालयांत पगार बरा आणि काम वाटून घेतलेलं. सामुदायिक आरोग्य केंद्रांच्या मानकांतही ओ.टी. टेक्निशियनचं पद धरलेलं आहे, पण तिथलं काम वेगळं असतं. बस्तरच्या बाजूला रात्री अडलेली बाई सिझरला आली की यंत्र तपासणं, ड्रम उघडणं, बाईला टेबलावर नीट निजवणं, ट्रॉली मांडणं आणि बाळासाठी सक्शन तयार ठेवणं, हे सगळं एकाच माणसाकडे येतं. दिवे गेले तर जनरेटर सुरू करायलाही तोच धावतो, आणि त्यानंतर पुन्हा वॉश घेतो.